पेन्सिलीतले शेरे

शिक्षकाने मनापासून लिहिलेला एक शब्द विद्यार्थ्याच्या आयुष्याला वळण देऊ शकतो. हे मी मूल्यमापनावरच्या एका कार्यशाळेत ऐकलं. सांगणारे तज्ज्ञ पुण्याहून आले होते. वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. शेवटी कार्यशाळेबद्दल आमचा लेखी अभिप्राय घेण्यात आला. छापील फॉर्मवर 'चांगली', 'उत्तम' आणि 'अत्युत्तम' असे तीन पर्याय होते. मी 'चांगली'वर खूण केली. आमच्या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे समन्वयक तो फॉर्म घेऊन माझ्या खुर्चीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, काही गैरसोय झाली का? बाकी सगळ्यांचं अत्युत्तम आहे."

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. विद्यापीठाचे पेपर आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासतात. पडद्यावर आकडा टाकायला चौकट असते, शब्द लिहायला जागा नसते. त्यामुळे आयुष्याला वळण देणारा शब्द लिहायचाच झाला तर तो तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पावर लिहावा लागतो. प्रकल्प कॉलेजातच तपासतात. त्याला चाळीस गुण असतात आणि ते आम्ही द्यायचे असतात.

द्यायचे म्हणजे द्यावेच लागतात. छत्तीसच्या खाली कुणाला उतरवायचं नाही आणि अडतीसच्या वर कुणाला चढवायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, म्हणून ती कधी मोडलीही जात नाही. मी नवा असताना विभागप्रमुख मॅडमनी मला ती समजावून दिली होती. त्या स्वभावाने प्रेमळ, डब्यातलं अर्धं दुसऱ्याला वाढणाऱ्या.

"आपली पोरं लांबून येतात, सर," त्या म्हणाल्या. "कोण पूर्णगडाकडून, कोण पार आतल्या गावातून, पहाटेच्या एसटीने. बाहेरच्या पेपरात विद्यापीठ काय करायचं ते करेल. घरातलं तरी आपण सांभाळायला नको?"

घरातलं आम्ही फार चांगलं सांभाळतो. हुशार, कामचुकार, वाचणारा, न वाचणारा, सगळे त्या दोन आकड्यांच्या मध्ये गुण्यागोविंदाने नांदतात. मुलांनाही ते माहीत असतं. त्यामुळे त्यांची सगळी प्रतिभा मुखपृष्ठावर आणि ऋणनिर्देशावर खर्च होते. मुखपृष्ठ लॅमिनेट केलेलं असतं. ऋणनिर्देशात आईवडील, ग्रामदैवत, प्राचार्य, ग्रंथालयातले कर्मचारी आणि टायपिंग करून देणारा दुकानदार यांचे आभार असतात. एका मुलाचा ऋणनिर्देश प्रकल्पापेक्षा लांब होता, आणि खरं सांगायचं तर प्रकल्पापेक्षा बरा होता. त्यात निदान माणसं खरी होती.

मी शेरे पेन्सिलीने लिहितो. मुलं दिवाळीच्या आधी कच्चं लेखन आणून देतात, मी त्याच्या समासात लिहून ते परत करतो, मग त्यांनी दुरुस्त करून पक्की प्रत जमा करायची असते. पेन्सिल अशासाठी, की मुलांना पटलं नाही तर त्यांना खोडता यावं. बहुतेक मुलं न वाचताच खोडतात. काही जण खोडतही नाहीत.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. रत्नागिरीपासून आत, घाटाच्या बाजूला तिचं गाव. गावातले बहुतेक पुरुष मुंबईला. तिने प्रकल्पाचा विषय विचारायला येताना नेहमीच्या विषयांची यादी आणली नव्हती. ती म्हणाली, "सर, आमच्या मुंबई मंडळावर लिहू का?"

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या बहुतेक गावांचं मुंबईत एक मंडळ असतं. गावचे चाकरमानी महिन्यातून एका रविवारी कुठल्या तरी शाळेच्या वर्गात जमतात आणि गावाबद्दलचे निर्णय घेतात. पालखी कधी नाचवायची, देवळाला कुठला रंग द्यायचा, विहिरीचा गाळ कुणी काढायचा. निर्णय घेणाऱ्यांतल्या काहींनी ती विहीर कित्येक वर्षांत पाहिलेली नसते. गावात राहतात त्या बायका, म्हातारे आणि शाळेतली मुलं. त्यांना निर्णय कळवला जातो.

"लिही," मी म्हटलं. "पण मंडळाची घटना आणि उद्दिष्टं उतरवून आणू नकोस."

"ती नाहीच आहेत, सर. हरवली."

तिचं कच्चं लेखन वहीत, हाताने लिहिलेलं होतं. पहिल्या काही पानांवर पाठ्यपुस्तकाची भाषा होती, मग ती गळून पडली. देवळाजवळच्या एका कातळावरच मोबाइलला रेंज येते. मंडळाचा निर्णय आवाजी निरोप म्हणून येतो आणि बायका कातळाभोवती उभ्या राहून तो ऐकतात. ऐकून झालं की सगळ्यांच्या वतीने एक जण "बरं" असं उत्तर पाठवते. मग त्या आपापसांत बोलतात आणि त्यांना सोयीचं असेल ते करतात. पुढच्या महिन्यात, निर्णयाप्रमाणे काम झालं, असा निरोप मुंबईला जातो. मुंबईत टाळ्या होतात. कुणी खोटं बोलत नाही, असं तिने लिहिलं होतं. फक्त खरं काय ते विचारायला कुणी कातळापर्यंत येत नाही.

इतकी वर्षं शिकवल्यावर असं वाक्य वाचायला मिळालं तर माणूस आधी ते कुठून उचललंय ते शोधतो. मीही शोधलं. ते कुठेच नव्हतं.

मी भरपूर लिहिलं. 'हे तू पाहिलंस की ऐकलंस?' 'कोण म्हणतं? नाव नको, नातं लिही.' 'इथे घाई झाली. थांब आणि सांग.' आणि शेवटच्या पानावर: 'हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. या विषयात पुढे शिकायलाच हवं.'

ती वही घेऊन आठवड्याने परत आली. शेरे वाचून परत आलेली ती माझी पहिली विद्यार्थिनी असावी.

"सर, हे 'थांब आणि सांग' म्हणजे काय?"

"बायका आपापसांत बोलतात, असं एका ओळीत उरकलंयस. काय बोलतात?"

"ते लिहायचं?"

"तेच लिहायचं."

"शिव्या पण असतात सर."

"मग जरा कमी करून लिही."

ती हसली. तिने ते लिहिलं. पक्क्या प्रतीत त्या बोलण्याची पानंच्या पानं होती आणि तो त्या प्रकल्पाचा सगळ्यात चांगला भाग होता. एक म्हातारी मुंबईहून आलेला निरोप ऐकून म्हणते, "गाळ काढा म्हणतोय. पाणी कुठल्या वाटेने आणतात ते तरी आठवतंय काय रे तुला?" निरोप तेव्हा संपलेला असतो. ही पक्की प्रतसुद्धा तिने हातानेच लिहिली होती. टाइप का नाही केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, टायपायला दिलं की मध्ये सुधारता येत नाही.

पुढे शिकायचं तिच्या मनात माझ्या शेऱ्याच्या आधीपासून होतं. एम.ए.ला मुंबईला जायचं. काकांची ठाण्याजवळ दिव्याला खोली होती आणि काकांनी सांगितलं होतं, एकाची सोय होईल. घरातले निर्णय काका घेत. ते मुंबई मंडळाचे सेक्रेटरीही होते. वडील कुठेतरी वॉचमन होते आणि कंपनीच्याच केबिनमध्ये राहत.

"बाबा काय काकांच्या शब्दाबाहेर नाहीत," ती म्हणाली. "निकाल बघून ठरवू म्हणालेत काका."

"मग अडचण काय?"

"एकाचीच सोय आहे ना सर. तोपण आहे."

तो म्हणजे काकांचा मुलगा. तो गावीच वाढलेला, त्याच वर्गात, तिच्याच एसटीने येणारा. मागच्या बाकावर बसायचा, हजेरीला व्यवस्थित उत्तर द्यायचा. गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, मृदंग फार छान वाजवायचा, आणि मृदंग वाजवण्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. बापाची खोली म्हणजे खरं तर त्याचीच. पण काका न्यायाने वागणारे होते. जो पुढे असेल तो जाईल, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. निकाल ठरवेल. तिचा एकच प्रश्न होता: निकालात ती पुढे दिसेल का.

त्याची पक्की प्रत जमा झाली तेव्हा ती टाइप केलेली, बांधलेली, लॅमिनेट केलेली होती. मुखपृष्ठावर मुंबईतल्या एका भव्य इमारतीचं चित्र होतं. विषय होता 'मुंबई मंडळ आणि ग्रामविकास'. मी पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर एका परिच्छेदाच्या मध्येच वाक्य होतं: हे तू पाहिलंस की ऐकलंस?

मी पुढे वाचत गेलो. 'निर्णय कळल्यावर बायका बरं म्हणतात कोण म्हणतं नाव नको नातं लिही आणि नंतर आपापसांत बोलतात इथे घाई झाली थांब आणि सांग.' वही जशीच्या तशी टायपिंगच्या दुकानात गेली होती. टाइप करणाऱ्याने समासातलंही टाइप केलं होतं. त्याने आपलं काम चोख केलं होतं, एकही शेरा सुटला नव्हता. शेवटचा शेरा तर त्याने 'निष्कर्ष' या मथळ्याखाली, ठळक अक्षरांत, चौकटीत घातला होता. माझं लिखाण पहिल्यांदाच इतक्या नेटकेपणाने छापलं गेलं होतं.

मी तिला बोलावून घेतलं.

"तू दिलीस त्याला वही?"

"त्याचं काहीच लिहून झालं नव्हतं. काकी म्हणाली, दे गो त्याला नुसती बघायला. नाही कसं म्हणणार?"

"त्याने वाचली तरी का?"

"नाय हो सर. वाचली असती तर तुमचे शेरे दिले असते का टायपायला?"

"वही कुठे आहे आता?"

"दुकानात राहिली. तो आणायला गेला तर मिळाली नाही म्हणाला."

मी म्हटलं, मी हे कॉलेजच्या परीक्षा समितीपुढे ठेवतो. तिने लगेच नकारार्थी मान हलवली. तिने नियम वाचला होता. माझ्याआधी वाचला होता. दोन प्रकल्प सारखे निघाले तर दोन्ही रद्द. कुणी कुणाचं घेतलं याची चौकशी करायची तरतूद त्यात नव्हती, बहुधा तरतूद ठेवली तर चौकशी करावी लागेल म्हणून.

"नको सर. दोघांचं पण जाईल. आणि गावात काय सांगू, भावाला पकडून दिला म्हणून?"

तेव्हा उरले गुण. गुणांची भाषा सगळ्यांना कळते असं समजून मी तिला चाळीसपैकी चाळीस दिले आणि त्याला वीस. दोन आकड्यांत इतकं अंतर असलं की दिव्याच्या खोलीतूनही ते दिसेल, असा माझा हिशोब होता.

गुण अंतिम करायची बैठक असते. विभागप्रमुख मॅडम, गुणवत्ता कक्षाचे समन्वयक आणि मी. समन्वयकांच्या पुढ्यात माझी यादी होती. ते पेनाचं टोक वीसवर ठेवून बसले होते, डॉक्टर दुखऱ्या जागी बोट ठेवतो तसं.

"सर, हा वीस काय प्रकार आहे?"

"जेवढं काम तेवढे गुण."

"तसं नसतं ना सर. पन्नास टक्के म्हणजे मंदगती विद्यार्थी. मंदगती विद्यार्थी दाखवला की त्याच्यासाठी उपचारात्मक वर्ग घेतल्याचा पुरावा लागतो. उपस्थिती लागते, फोटो लागतात. कॉलेजची तपासणी करायला कमिटी येतेय. तुम्ही घेतलेत का वर्ग?"

"नाही."

"मग तो मंदगती कसा?"

मॅडम तोवर त्याचा प्रकल्प चाळत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं.

"पण सर, चांगला केलाय हो. स्वच्छ टाइप आहे. अनुक्रमणिका आहे, संदर्भसूची आहे. आणि हे बघा, मध्ये मध्ये वाचकाला प्रश्न विचारतो. 'हे तू पाहिलंस की ऐकलंस?' किती वेगळी शैली आहे."

"ते प्रश्न माझे आहेत, मॅडम."

"तुमचं मार्गदर्शन दिसतंच आहे त्यात," त्या मनापासून म्हणाल्या. "मुलीचा तसा साधा आहे. हाताने लिहिलाय. पण असू दे, तिलाही कमी नको करायला."

"तिला चाळीस का?" समन्वयकांनी विचारलं. "पूर्ण गुण दिले की सुधारणेला वाव राहत नाही. कमिटी तेही विचारते."

वीसचे छत्तीस झाले, चाळीसचे अडतीस. मी यादीवर सही करणार नाही असं म्हटलं. मॅडमनी चहा मागवला. चहा झाल्यावर समन्वयक म्हणाले, मार्गदर्शकाची सही नसली तर सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवतात. सगळ्या वर्गात तीही होती. मी सही केली.

निकालपत्रावर गुण बारीक छापलेले असतात आणि श्रेणी मोठ्या अक्षरात. छत्तीसला 'ओ' ही सगळ्यात वरची श्रेणी मिळते, अडतीसलाही 'ओ'. बाहेरच्या पेपरांत तिला थोडे जास्त होते, त्याला थोडे कमी, पण तिथेही दोघांची एकूण श्रेणी एकच आली. गावाला निकाल कळला तो असा, की आपली दोन्ही पोरं सारखी हुशार निघाली.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि मंडळाने गुणगौरव समारंभ ठेवला. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. एरवी मी अशा ठिकाणी जात नाही, कारण शाल घरी ठेवायला जागा नाही. या वेळी गेलो. काकांशी बोलायचं होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. स्वागताध्यक्षांनी मला थोर विचारवंत म्हटलं आणि माझं आडनाव दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकवलं. दहावीची मुलं, बारावीची मुलं, मग पदवीधर. सगळ्यांना एकसारख्या ट्रॉफ्या होत्या, कारण त्या एकाच दुकानातून एकदम घेतलेल्या होत्या. ती आणि तो एकापाठोपाठ मंचावर आले. मी दोघांना ट्रॉफी दिली. फोटोवाल्याने दोघांना एकत्र उभं केलं, म्हणजे एका फोटोत काम होईल.

भाषणात मी तिच्या प्रकल्पाबद्दल बोलायचं ठरवलं होतं. मंडळाचे पदाधिकारी पहिल्या रांगेत बसलेले पाहून ते वाटलं तितकं सोपं नाही हे ध्यानात आलं. तरी बोललो. गावाकडे नीट पाहणारी माणसं कमी असतात, या मुलीने ते पाहिलं आहे, तिने पुढे शिकलं पाहिजे, एवढं स्पष्ट म्हणालो. टाळ्या झाल्या. नंतर आभार मानणाऱ्याने सांगितलं, की सरांनी आपल्या दोन्ही मुलांचं तोंड भरून कौतुक केलं.

जेवण काकांच्या घरी होतं. घरापुढच्या खळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. काका पन्नाशीचे, बोलायला मोकळे, माझ्या ताटाकडे लक्ष ठेवून असलेले. मी आडून विचारण्यात अर्थ नव्हता.

"एम.ए.ला कोण जातंय?"

"तेच तर, सर. बरं झालं तुम्ही आलात. माझ्या खोलीत एकाचीच सोय आहे. दोघं पण हुशार. आता कोणाला नेऊ सांगा."

"तिला न्या."

"का?"

"तिचं काम फार वरचं आहे."

"मग निकालात कुठे दिसतंय ते? दोघांना पण ओ. तुम्हीच दिलात ना? अहो, आमच्या वाडीतली आणखी दोन पोरं तुमच्या कॉलेजात होती, त्यांना पण ओ. तुम्ही सगळ्यांनाच देता, तेव्हा आम्ही काय समजायचं?"

तो टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, श्रेणीवर जाऊ नका, मी तुम्हाला तोंडाने सांगतोय.

"तोंडाने काय सर, मंडळात बघतो ना मी. तोंडाने सगळे चांगलंच बोलतात. लेखी असलं की बरं." ते उठून आत गेले आणि मुलाचा प्रकल्प घेऊन आले. कॉलेजात एक प्रत जमा करतात, एक मुलं घरी ठेवतात. त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हे बघा. लेखी आहे. तुम्हीच लिहिलंय ना? 'हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. या विषयात पुढे शिकायलाच हवं.'"

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मुलगा खाली बघत होता. ती कोकमचं सरबत घेऊन दारात उभी होती.

"हे मी हिच्या वहीवर लिहिलं होतं," मी म्हटलं.

"हिच्या पण लिहिलं असेल. कुठाय ती वही?"

काकांनी पान उलटून पहिल्या पानावरचं प्रमाणपत्र काढलं. हा प्रकल्प विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतः पूर्ण केला आहे, असं त्यावर छापलेलं असतं. प्रती गठ्ठ्याने येतात, सह्या आधी होतात आणि वाचन नंतर.

"सही तुमचीच ना सर?"

"माझीच."

"मग?"

आता सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "काका, सरांची गाडी जाईल. ही चुकली तर थेट उद्या."

थांब्यापर्यंत सोडायला ती आली. मी तिला विचारलं, का थांबवलंस. ती म्हणाली, "आता सांगून काय होतं सर? त्याचा निकाल गेला असता, माझा पण गेला असता. ट्रॉफी परत घ्यावी लागली असती मंडळाला. तसं नसतं करत कोण."

"आणि तू?"

"बघते."

एसटी आली. शाल माझ्याजवळच होती.

तो मुंबईला गेला. त्याला समाजशास्त्रात प्रवेश मिळाला. पहिलं सत्र संपायच्या आत त्याने भिवंडीच्या एका गोदामात नोकरी धरली आणि कॉलेज सोडलं. खोलीतली जागा मात्र त्याचीच राहिली, कारण नोकरी दिव्याहून सोयीची होती. यात त्याची काही चूक मला काढता येत नाही. त्याला शिकायला कुणी पाठवलं होतं तर ते मी.

ती गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देण्याच्या कामाला लागली. वर्षादीड वर्षाने तिचा फोन आला. बाहेरून एम.ए. करायचं म्हणते, म्हणाली. त्या प्रकल्पालाच वाढवून पुढचं काही लिहावं असं डोक्यात आहे. कच्ची वही गेलीच होती. पक्क्या प्रतीची दुसरी प्रत तिने केली नव्हती, हाताने लिहिलेलं पुन्हा कोण लिहिणार. तेव्हा कॉलेजात जमा केलेली तेवढी मिळेल का?

"मिळेल की," मी म्हणालो. मी रेकॉर्ड रूमची किल्ली घेऊन गेलो.

कमिटी येऊन गेली होती. कमिटीसाठी कपाटं लावली होती. त्याचा प्रकल्प काचेच्या कपाटात, दर्शनी, 'निवडक उत्कृष्ट प्रकल्प' या पट्टीखाली उभा होता. तिचा कुठे दिसेना. समन्वयकांना विचारलं. ते म्हणाले, "टाइप केलेले ठेवले सर. हाताने लिहिलेले काढून टाकले. कपाटात बरे दिसत नव्हते. रीतसर ठराव आहे."

मी तिला कळवलं. म्हटलं, तुझ्या भावाची प्रत आहे, तिच्यावरून काही करता येईल. ती म्हणाली, "त्यात बायकांचं बोलणं नाही सर. ते मी नंतर लिहिलं होतं." मग म्हणाली, "म्हातारी पण गेली, जिचं होतं ते."

"आठवेल तसं पुन्हा लिही."

"बरं सर," ती म्हणाली.

तिच्या गावात बरं म्हणून पुढे काय करतात ते मी तिच्याकडूनच शिकलो होतो. म्हणून काही महिने मी आशा धरून राहिलो. प्रवेशाची मुदत संपली तेव्हा फोन केला. तिने फॉर्म भरला नव्हता. दाखल्यांची घाई होती, म्हणाली.

त्यानंतर मी रद्दीवाल्यालाही गाठलं. हाताने लिहिलेले सगळे प्रकल्प त्याने एकगठ्ठा नेले होते आणि कोल्हापूरकडच्या कागद गिरणीला पाठवले होते. प्लास्टिकच्या फायली गिरणी घेत नाही, त्यामुळे त्या त्याने कॉलेजला परत आणून दिल्या. त्या सध्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत.